कासवाच्या फणीचे बारा पंच

आजीच्या वस्तूंची वाटणी शांतपणे चालली होती. तेवढ्यात मोठ्या मावशीनं फणी उचलली, तळहातावर दोनदा वरखाली केली आणि म्हणाली, "हलकी लागतेय."

एवढंच. पण आमच्या घराण्यात असं म्हणणं म्हणजे पोलीस चौकीच्या अलीकडची पायरी.

फणी कासवाच्या कवचाची. केसांत खोचायची, वीतभर रुंद, वरच्या कडेला सोन्याच्या तारेची नक्षी. साहेबांच्या राज्यात आजीची आजी एका मडमेकडे मुलं सांभाळायला होती. राज्य आटोपलं तेव्हा मडमेनं बोटीवर चढताना ही फणी स्वतःच्या डोक्यातून काढून तिला दिली, असं आजी सांगायची. दर खेपेला सांगताना मडम थोडी जास्त रडायची. शेवटच्या वर्षी तर रडण्याच्या नादात तिची बोटच चुकली होती.

आजी अकरा वर्षं आमच्याकडे होती, त्यातली चार अंथरुणावर. तिच्या कपाटाची किल्ली आईच्या पर्समध्ये असायची. हे सगळ्यांना माहीत होतं आणि आत्तापर्यंत त्यात काही वावगं नव्हतं.

मावशीनं फणी मामाकडे सरकवली. मामा दातांचा डॉक्टर. त्यानं ती खिडकीशी नेली, एकेक दात नखानं वाजवून पाहिला आणि डॉक्टर लोक काढतात तसा "हं" असा आवाज काढला. त्या आवाजाचा अर्थ कधीच चांगला नसतो.

"किल्ली कोणाकडे होती म्हणे?" मावशीनं भिंतीवरच्या घड्याळाला विचारलं.

घड्याळ काही बोललं नाही. आई टेबल पुसत होती, ती पुसतच राहिली. बाबांनी अशा प्रसंगी करायचं ते केलं. ते अंघोळीला गेले.

पुढच्या आठवड्यात फणी तीन सराफांकडे फिरून आली. पहिला मावशीच्या ओळखीचा. त्यानं सांगितलं, सरळसरळ प्लास्टिक. मामा म्हणाला, "तुझ्या ओळखीचा माणूस तुझंच बोलणार." दुसरा मामाचा पेशंट. त्याचं मत पडलं की वरची पट्टी खरी, पण दात मागाहून बसवलेले. मामाला हे फार आवडलं. "कवळी आहे ती," तो जाईल तिथे सांगू लागला. "मला पहिल्याच नजरेत शंका आली होती." तिसरा कोणाच्याच ओळखीचा नव्हता, म्हणून त्याच्यावर सगळ्यांचाच संशय. त्यानं फणी हातातसुद्धा घेतली नाही. म्हणाला, "खरी असेल तर कायद्याची भानगड आहे, मला दाखवू नका. खोटी असेल तर माझा वेळ घालवू नका."

इथे माझा संबंध येतो. मी संग्रहालयात कामाला आहे. लोकांना वाटतं मी तिथे इतिहासाचं काहीतरी करतो. मी किडे पकडतो.

आमच्याकडे साहेबांच्या काळातल्या दागिन्यांचं एक दालन आहे. वाघनखं जडवलेले ब्रोच, हत्तीच्या शेपटीच्या केसांची कडी, हिरव्या भुंग्यांचा हार, आणि इवल्याशा पक्ष्यांची मुंडकी सोन्यात बसवून केलेले कानातले. साहेबांना ज्या प्राण्याची भीती वाटायची त्याला ते गोळी घालायचे. ज्याची वाटायची नाही त्याला मडमा कानात घालायच्या. ह्या सगळ्या मालाला एक केसाळ अळी लागते. तांदळाच्या दाण्याएवढी. केस, नख, पीस, शिंग, कवच, सगळं कुरतडते. सोनं, काच, प्लास्टिक ह्यांना तोंड लावत नाही. गेल्या वर्षी कानातल्यांपैकी डावा पक्षी तिनं चोचीपर्यंत संपवला आणि उजव्याकडे ढुंकून पाहिलं नाही. उजवा पक्षी मधल्या काळात कोणीतरी प्लास्टिकचा करून बसवला होता. आमच्या तज्ज्ञांना साठ वर्षांत ते कळलं नाही. अळीला पंधरा दिवसांत कळलं.

हा किस्सा मी जेवताना गंमत म्हणून सांगितला. चूक माझीच.

मावशीचा घास हातातच राहिला. "मग तुझ्या अळ्यांना विचार की."

"काय?"

"फणी खरी की खोटी. त्या कोणाच्या बाजूच्या तर नाहीत ना?"

मी हसलो. माझ्याबरोबर कोणी हसलं नाही. मामा आधीच विचारात पडला होता. "पण त्या जेवून आलेल्या असल्या तर? पोट भरलेलं असलं तर माणूससुद्धा चांगल्या अन्नाला नाही म्हणतो."

"दोन दिवस उपाशी ठेवता येतील," मी म्हणालो. का म्हणालो, मला ठाऊक नाही.

"ठेवणार कोण? तूच ना?" मावशी म्हणाली. "किडामंत्री, तू मुलगा कोणाचा?"

शेवटी ठरलं की अळ्यांचा उपास मामाच्या दवाखान्यात होईल आणि मावशी रोज जाऊन देखरेख करील. नंतर त्या फणीसोबत एका डब्यात तीन आठवडे राहतील. डबा बंद, त्यावर कागदाची पट्टी, पट्टीवर तिघा भावंडांच्या सह्या. एका घरी तीन आठवडे ठेवायला कोणाचीच तयारी नव्हती, म्हणून तो प्रत्येकाकडे एक आठवडा राहील. पहिल्यांदा आमच्याकडे, मग मामाकडे, मग मावशीकडे. अळ्यांना अंधार लागतो, म्हणून डबा काळ्या कागदात गुंडाळायचा आणि तिसऱ्या रविवारपर्यंत कोणी उघडायचा नाही.

"आणि आत्ताच सांगून ठेवते," मावशी घड्याळाला म्हणाली, "अळ्यांनी खाल्ली तर माझ्या तोंडून पुन्हा शब्द निघणार नाही. नाही खाल्ली तर ह्या घराची पायरी मी चढणार नाही."

मामा फरशीकडे बघत म्हणाला, "मी पण."

"भात वाढू का कोणाला?" आई म्हणाली.

आईला ह्या दोघांशिवाय माहेरचं कोणी उरलेलं नाही. दर रविवारी सकाळी ती दोघांना फोन करते. मावशी मामाची तक्रार सांगते, मामा मावशीची, आणि आई दोन्हीकडे "जाऊ दे रे", "जाऊ दे गं" म्हणत एकाचं दुसऱ्याला कळू देत नाही. तास-दीड तास जातो. एरवी ती छापखान्यात मुद्रितं तपासते, दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधते. हा रविवारचा एकच वेळ ती चुका पोटात घालते. ते फोन बंद झाले तर आईच्या रविवारांचं काय होईल, ह्याचा विचार मला करवेना.

नव्या लोकांना ओळख पटावी म्हणून संग्रहालयात आम्ही एका बरणीत काही अळ्या जिवंत ठेवतो. त्यातल्या बारा मी काढून आणल्या. हे नियमात बसत नाही. पण ज्यांनी नियम केले त्यांना अशी मावशी नसावी.

डबा आमच्याकडे आला. पाचव्या दिवशी आई छापखान्यात आणि बाबा बाहेर असताना मला राहवेना. डब्याच्या पुढच्या बाजूला पट्टी होती, सह्या होत्या, तारीख होती. बिजागरी मागे होती. सही करताना कोणी मागे बघत नाही. मी बिजागरीची तार सुईनं ढकलून बाहेर काढली आणि झाकण मागून उचललं.

फणी जशीच्या तशी होती. कुरतडल्याची खूण नाही, भुसा नाही. बाराही अळ्या लांबच्या कोपऱ्यात, फणीकडे पाठ करून एकमेकींना बिलगून बसल्या होत्या. सात दिवसांच्या उपाशी. बरणीत असताना ह्याच अळ्यांनी आमच्या शिपायाच्या लोकरी टोपीचा गोंडा एका सुट्टीत फस्त केला होता.

मी लेन्स लावून पुन्हा पाहिलं. पुन्हा तेच.

म्हणजे फणी प्लास्टिकची. म्हणजे कोणीतरी बदलली. म्हणजे किल्ली.

त्या संध्याकाळपासून मी आईकडे नव्यानं बघू लागलो आणि काय सांगू, तिचं सगळंच संशयास्पद होतं. तिनं नव्या चपला घेतल्या होत्या. फोनवर ती कोणालातरी "बघू" म्हणाली आणि काय बघू ते सांगितलं नाही. वर्तमानपत्र वाचून झाल्यावर नीट घडी घालून ठेवायची, जणू कोणी वाचलंच नाही. आमटी ढवळताना ती गुणगुणत होती. निष्पाप बाई इतकी सुरात गुणगुणेल का? तिच्या पर्सकडे मी इतका वेळ बघत राहिलो की तिनं विचारलं, "पैसे हवेत का?"

"नको," मी म्हणालो, आणि मनात नोंद केली की विषय तिनंच काढला.

दुसऱ्या दिवशी मी संग्रहालयातून बारीक पात्याची सुरी आणली. अळी कशी खाते ते मला माहीत आहे. ती सरळ कापत नाही. कडेला बसते, थोडं खरवडते, कंटाळते, पुढे सरकते. कड उंचसखल होते, काही ठिकाणी पृष्ठभाग नुसता चाटल्यासारखा निस्तेज होतो. चाळीस मिनिटं मी एका दाताच्या टोकाशी बसलो होतो. खाली भुसा पसरला, आणि त्यात बरणीतून आणलेल्या दोन जुन्या काती टाकल्या, कारण अळ्या वाढताना कात टाकतात. माझ्या नोकरीतलं ते सगळ्यात चांगलं काम होतं आणि कोणाला दाखवायची सोय नव्हती.

तार परत बसवली. आई सुटली, असं मला वाटलं.

दुसऱ्या आठवड्यात मामाचा फोन आला. "सहज विचारतो, ह्या अळ्या कुरतडतात का भोक पाडतात?"

"का?"

"सहज. वैद्यकीय कुतूहल."

मामाला कुतूहल असतं हे मला नवीन होतं. फोन ठेवल्यावर माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हा फणी बदलणार. दुसरी कोरी प्लास्टिकची फणी आणून माझी मेहनत काढून टाकणार आणि आईला कायमची चोर ठरवणार. मी दाढ दुखते असं सांगून दवाखान्यात गेलो. डबा कपाटावर, प्लास्टरच्या जबड्यांच्या रांगेत ठेवलेला होता. मामा माझ्या आणि कपाटाच्या मध्ये उभा राहिला. "आ कर."

मी आ केला. तो इतका घाबरलेला होता की त्यानं खरोखरच एक दाढ भरून दिली. मी बधिर तोंडानं आणि काहीही न कळता परत आलो.

तिसऱ्या आठवड्यात मावशी. तिचा शिवणाचा वर्ग आहे. मी गेलो तेव्हा चौदा जणी ब्लाउजच्या बाह्या लावत होत्या आणि मावशी एका स्टुलावर ताठ बसली होती. स्टुलाखाली डबा.

"तिथे का ठेवलाय?"

"नजरेखाली असावा म्हणून."

"नजर वर आहे, मावशी."

"तू मला शिकवू नको. मला एक सांग, अळी सरळ चावते का वाकडी?"

"वाकडी."

"किती वाकडी?" तिनं अशा आवाजात विचारलं की मशिनांवरच्या दोघी-तिघी थांबल्या. मी घरी येऊन आईला सांगितलं की मावशीची लक्षणं ठीक नाहीत. आई मुद्रितावरून मान वर न करता म्हणाली, "कोणाचीच नाहीत."

तिसऱ्या रविवारी अकरा वाजता सगळे आमच्या जेवणाच्या टेबलाशी जमले. पट्टी तिघांनी तपासली. सह्या शाबूत होत्या. मावशीनं आणि मामानं ते जरा जास्तच मोठ्यानं सांगितलं. मी पट्टी कापली, झाकण पुढून उघडलं आणि फणी खालच्या भुशासकट काढून पांढऱ्या फडक्यावर ठेवली.

खुर्च्या पुढे सरकल्या.

डावीकडच्या टोकाला माझं काम होतं. मधल्या चार दातांना प्रत्येकी एक भोक होतं, कडा गुळगुळीत, सगळी एकाच मापाची आणि एकाच उंचीवर. आणि उजवीकडच्या दाताचं टोक कातरलेलं होतं, सुरेख नागमोडी. शिवणाच्या वर्गात कापडाचे धागे निघू नयेत म्हणून जी दातेरी कात्री वापरतात तिनं कापल्यासारखं. कापलेला तुकडा शेजारीच पडला होता. पलीकडे डब्याच्या कोपऱ्यात बारा अळ्या पाठ फिरवून बसल्या होत्या.

"खाल्ली की," मावशी घाईघाईनं म्हणाली.

"खाल्लीच," मामा म्हणाला. "भरपूर खाल्ली. खरी आहे, प्रश्नच मिटला."

"मी तर पहिल्यापासून म्हणत होते."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. तज्ज्ञ मी होतो. मी घसा साफ केला. "अळ्यांचा प्रादुर्भाव स्पष्ट दिसतो," मी म्हणालो. "विविध प्रकारचा."

मावशीनं सुस्कारा सोडला. मामानं कपाळ पुसलं. आम्ही तिघंही कधी नव्हे इतके एकमेकांवर खूश होतो. तेवढ्यात आईनं पर्समधून चष्मा काढला.

ती फडक्यावर वाकली. छापखान्यात बसते तशी, एक बोट ओळीवर ठेवून. उजवीकडून सुरुवात केली.

"ही अळी शिवण शिकलेली दिसते," ती म्हणाली.

मावशी खिडकीबाहेर बघायला लागली.

बोट पुढे सरकलं. "आणि हिच्याकडे मशीन आहे. भरायचंच राहिलंय फक्त."

मामा काहीतरी पुटपुटला.

डाव्या टोकाशी आई बराच वेळ थांबली. माझ्या खिशातली लेन्स मागून घेतली. फुंकर न घालता भुसा पाहिला, काती पाहिल्या. "हे मात्र सुंदर आहे," ती म्हणाली. "हे अगदी अळीनं खाल्ल्यासारखं आहे. इतकं अळीसारखं अळीलासुद्धा जमणार नाही."

तिनं चष्मा वर सरकवून माझ्याकडे पाहिलं.

"तू पण?"

मला घड्याळाशी बोलावंसं वाटलं.

"अगं, तुला वाचवायलाच केलं ना सगळ्यांनी," मावशी म्हणाली. तिचा आवाज इतका लहान मी कधी ऐकला नव्हता. "अळ्यांना अंधार लागतो म्हणून मी दिवासुद्धा लावला नाही, मागून झाकण उचललं आणि चाचपडत कापलं. मला काय माहीत ह्यानंही... मला वाटलं, एवढ्यासाठी कशाला तुटायचं. झालं गेलं."

"काय झालं गेलं, ताई?"

मावशीनं पदर सारखा केला.

"मला कशातून वाचवत होतात?"

"छोटीताई, तसं नव्हे," मामा म्हणाला. "मला तर दातांच्या आरशात मधलेच चार दिसले. आम्ही एका अर्थी तुझ्याच बाजूनं..."

"खरी वाटत असती तर हात लावायची गरज काय होती?" आई म्हणाली. "तिघांनीही लावला. म्हणजे तिघांचीही खात्री होती."



मावशीनं कापलेला नागमोडी तुकडा आईनं चिमट्यात धरला, स्वयंपाकघरात नेला आणि गॅसवर धरला. ही परीक्षा आम्हाला ठाऊक नव्हती असं नाही. पण आजीच्या डोक्यातल्या वस्तूला आग दाखवायची नाही असं मावशीनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. तुकडा आधी फुगला, मग चरचरला. जळक्या केसांचा वास बाहेरच्या खोलीपर्यंत आला. प्लास्टिकला असा वास येत नाही. बाबांनी अंघोळीच्या खोलीतून विचारलं, "काय जळतंय?"

"काही नाही," आई म्हणाली.

"पण मग अळ्यांनी खाल्ली का नाही?" हे मी विचारलं. मला खरंच कळत नव्हतं.

"अकरा वर्षं डांबरगोळ्यांच्या डब्यात होती. महिन्याला गोळ्या मी बदलायचे. तिला कोण तोंड लावील?"

मी फणी नाकाशी नेली. डांबरगोळ्यांचा वास नुसता घमघमत होता. पण आमच्या दालनात पाऊल टाकलं की हाच वास, माझ्या जेवणाच्या डब्याला हाच, शर्टाला हाच. माझ्या लेखी तो वासच नव्हता. मामाच्या दवाखान्यात दिवसभर औषधांचा वास. मावशीला आठ वर्षांपासून सर्दी.

"तू आधी का नाही सांगितलंस?" मावशी म्हणाली.

"कोणाला? तुम्ही सराफांना विचारलंत. अळ्यांना विचारलंत. माझ्याकडे तोंड करून एकानं तरी विचारलं?"

तिनं फणी फडक्यात गुंडाळून मावशीच्या हातात दिली. "ही तू ने. दात मोजून घे."

मावशीनं मोजले नाहीत. तिला नको होती, पण परत द्यायचं धाडसही होईना. "जेवून जा," आई म्हणाली आणि दोघं मुकाट्यानं जेवायला बसली. मामानं तीन वेळा मीठ मागितलं. आईनं तिन्ही वेळा दिलं. जाताना मावशी उंबऱ्याशी घुटमळली. "रविवारी फोन करशील ना?" तिनं विचारलं, आणि ह्या वेळी आईकडे बघून विचारलं.

"बघू," आई म्हणाली.

ती दोघं गेल्यावर मी ताटं विसळायला घेतली. आई पुसून ठेवत होती. 

"रागावलीस?"

"तुला खरंच वाटलं मी बदलली?"

खोटं बोलायची इच्छा होती, पण आजच्या दिवसापुरतं खोटं बोलून झालं होतं. "हो," मी म्हणालो. "चपलांवरूनसुद्धा वाटलं."

"आणि तरी कोरत बसलास."

"चाळीस मिनिटं."

तिनं एक ताट पुसलं, उजेडात धरून पाहिलं, पुन्हा पुसलं. "विचारलं असतंस तर दोन मिनिटांत झालं असतं." मग टेबलावरच्या डब्याकडे पाहून म्हणाली, "ह्यांच्या पोटात काही नाही ना अजून?"

"नाही."

ती आत गेली. तिच्या रोजच्या कंगव्यात सकाळचे केस अडकलेले होते, अर्धे काळे, अर्धे पांढरे. त्यांचा गुंता तिनं काढला आणि डब्यात टाकला. आम्ही दोघं वाकून बघत होतो. बाराही अळ्या एकदमच वळल्या.